गालातला पांढरा चट्टा

ठाकुर्लीचं चोळा पॉवर हाऊस चालू होतं, रेल्वेला वीज देत होतं, तेव्हाची गोष्ट. माझे काका तिथे पाळीवर जात. गालफडात तंबाखू-चुन्याचा बार धरल्याशिवाय त्यांची रात्रपाळी सरत नसे. एकदा गालात आतून पांढरा चट्टा दिसला. ‘चुन्यानं भाजलं असेल’ म्हणून घरात सगळ्यांनी, मीही, तो विषय सोडून दिला. दोन वर्षांनी त्यांना घेऊन मी धीम्या लोकलनं परळला गेलो, तेव्हा चट्ट्याची गाठ झालेली होती.

मधल्या दोन वर्षांत त्या गालात काय चाललं होतं, हे मला फार उशिरा, वाचनातून कळलं.

परळचं टाटा रुग्णालय 1941 साली सुरू झालं. तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी 1944 मध्ये मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीनं एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. कुठल्या समाजात कुठली सवय आणि त्यानुसार कर्करोग कुठे होतो, हा त्यांचा आयुष्यभराचा शोध. पण पेशीच्या आत नेमकं काय बिघडतं, हे दाखवायला तेव्हा साधन नव्हतं. माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रं असतात, हेसुद्धा नक्की झालं ते 1956 साली!

तर्क मात्र जुना होता. जर्मनीच्या थिओडोर बोव्हेरी यांनी समुद्री अर्चिनच्या अंड्यांत गुणसूत्रांची वाटणी चुकली की काय अनर्थ होतो ते पाहिलं, आणि 1914 साली लिहिलं की कर्करोगाचं मूळही अशाच चुकीच्या वाटणीत असावं. पुढच्याच वर्षी ते वारले.

1980च्या दशकात कॅनडाचे हान्स स्टिच यांनी पान-सुपारी चघळणाऱ्या भारतीयांच्या गालाच्या आतल्या पेशी खरवडून तपासल्या. मुख्य केंद्रकाशेजारी छोटी छोटी केंद्रकं सापडली. म्हणजे पेशी दुभंगताना मागे राहिलेले गुणसूत्रांचे तुकडे. गाठ नाही, दुखणं नाही, आणि तरी मोडतोड सुरू झालेली.

डोकं आणि मान या भागाच्या कर्करोगांत या मोडतोडीची एक ठरावीक तऱ्हा आढळते. तिसऱ्या आणि नवव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेतला भाग गळतो. नवव्यावर पेशीच्या वाढीला लगाम घालणारं एक जनुक असतं, तेच जातं. उलट अकराव्याच्या एका भागाच्या जादा प्रती होतात, तिथलं जनुक वाढीला टाच मारणारं. लगाम नाही आणि टाच चालू, मग घोडा थांबेल कसा? 1996 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की तिसऱ्या-नवव्यावरची ही गळती नुसत्या पांढऱ्या चट्ट्यातही असू शकते, आणि असे चट्टे पुढे कर्करोगाकडे वळण्याचा धोका अधिक. काका तेव्हा हयात नव्हते.

2013 साली खारघरच्या टाटा केंद्राच्या आणि कल्याणीच्या (आपलं कल्याण नव्हे, बंगालमधलं कल्याणी) संशोधकांनी गाल-हिरडीच्या कर्करोगातल्या जनुकीय बिघाडांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. खानोलकरांच्या नोंदवहीतला आजार आता असा आतून वाचला जातो.

परळच्या डॉक्टरांनी त्या दिवशी पहिला प्रश्न विचारला होता, ‘चट्टा कधीपासून आहे?’ काकांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर मलाच द्यावं लागलं.