पिवळ्या फुलांची उसनी नावे

कवितेत फूल आले की वर्गात आम्ही बहुधा 'पिवळ्या फुलाची एक जात' एवढाच अर्थ सांगून पुढे जातो. ही सवय वाटते तेवढी निरुपद्रवी नाही. फुलांची बोलीतील नावे एका वनस्पतीवरून दुसरीवर सरकत आलेली आहेत. हे सरकणे ध्यानात घेतले नाही, तर जुन्या ग्रंथात आपण आजचीच बाग पाहू लागतो.

प्रथम सोनचाफा. संस्कृत 'चंपक'पासून 'चांपा', 'चाफा' ही रूपे आली. १६७८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथे प्रसिद्ध झालेल्या 'हॉर्तुस मलबारिकुस'च्या पहिल्या खंडात हे झाड 'चंपकम्' म्हणून आले आहे. या ग्रंथाला साहाय्य करणाऱ्या रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या वैद्यांचे नागरी लिपीतील कोंकणी प्रमाणपत्र त्यात छापलेले आहे. पुढे १७५३ मध्ये लिनियसने शास्त्रीय नावातही 'चंपाका' हाच शब्द ठेवला. येथे नाव आणि झाड यांची गाठ पक्की आहे. मात्र मराठीने हेच नाव पांढऱ्या चाफ्यालाही दिले. तो मूळचा अमेरिका खंडातला. जाड फांद्या, मोडताच निघणारा चीक आणि पाच पाकळ्या यांवरून तो ओळखता येतो. नागचाफा आणि भुईचाफा तर आणखी वेगळ्या कुळांतले. तेव्हा 'चाफा' भेटला की 'कोणता?' हा प्रश्न वाचकाने विचारलाच पाहिजे.

शेवंतीची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. आपण शेवंती म्हणतो तिला हिंदीत 'गुलदाउदी' म्हणतात. आणि हिंदीतील 'सेवती' म्हणजे पांढरा गुलाब. एकाच घराण्यातला शब्द दोन भाषांत दोन फुलांवर स्थिरावला आहे. मराठी अनुवादकाने 'सेवती'ची शेवंती केली, तर ध्वनी जुळतो, पण फूल बदलते.

झेंडू मेक्सिको व मध्य अमेरिकेतला. पोर्तुगीज या किनाऱ्यावर येण्यापूर्वीच्या कोणत्याही भारतीय ग्रंथात तो असू शकत नाही. आज त्याच्यावाचून दसऱ्याचे तोरण आपल्याला सुचत नाही, आणि तिकडे मेक्सिकोत मृतांच्या स्मरणदिनी त्याच फुलांच्या राशी मांडतात. तेथील नाहुआत्ल भाषेतील त्याच्या नावाचा शब्दशः अर्थ 'वीस फुले'. हे नाव निरीक्षणातून आलेले दिसते, कारण झेंडूचे 'एक फूल' म्हणजे अनेक लहान फुलांचा गुच्छ असतो. इंग्रजीने मात्र त्याला 'आफ्रिकन मॅरिगोल्ड' म्हटले. त्यातील 'मॅरिगोल्ड' हे युरोपातील कॅलेंड्युलाचे जुने नाव आणि 'आफ्रिकन' ही निव्वळ चूक. पान पाहिले की दोन्ही वेगळी ओळखता येतात : झेंडूचे पान पिसासारखे विभागलेले व उग्र वासाचे, कॅलेंड्युलाचे अखंड. १९२५ मध्ये 'केशवकुमार' अर्थात प्र. के. अत्रे यांनी आपल्या विडंबनकाव्याला 'झेंडूची फुले' हे नाव दिले, तोवर हा परदेशी पाहुणा इतका घरचा झाला होता की साधेपणाची खूण म्हणून तो चालून गेला.

शेवटी पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी. 'कण्हेर' हा शब्द 'करवीर'वरून आला. तो खऱ्या कण्हेरीचा. अमेरिकेतून आलेल्या या झाडाला अरुंद पानांच्या साम्यामुळे तो मिळाला. कण्हेरीची पाने बहुधा तीन-तीनच्या वेढ्यांत येतात, बिट्टीची एकाआड एक. फूल घंटेसारखे लोंबते. नाव उसने असले तरी त्याने एक सत्य सांभाळले आहे : दोन्ही झाडे एकाच कुळातली आणि दोन्ही हृदयावर परिणाम करणारी विषारी. मुले जिच्या बिया खेळायला वेचतात ती बिट्टी 'कण्हेर' आहे, हे त्यांना सांगणे म्हणूनच केवळ व्युत्पत्तीचे काम राहत नाही.

उसन्या नावांना आम्ही चूक मानत नाही. नवे झाड दारी आले, तेव्हा लोकांनी ते ओळखीच्या झाडाशेजारी ठेवून पाहिले, याची ती नोंद आहे. तळटीप लिहिताना आपणही तेवढेच करावे : शब्दाचा काळ पाहावा, आणि शक्य तर बागेत जाऊन पान उलटून पाहावे.