रोमचे कांस्य आणि रायगडची शिवराई #थ्रेड

महाडलगतच्या गांधारपाले येथे बौद्ध लेणी आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात ‘पलाइपटमाई’ हे कोकणचे बंदर येते. ते म्हणजे हेच पाले, असे काही अभ्यासक मानतात. सावित्रीच्या खाडीने माल आत येई आणि पोलादपूरकडचे घाट चढून देशावर जाई.

या व्यापारात मान होता तो रोमच्या सोन्याचांदीच्या नाण्यांना. भडोचला ती स्थानिक नाण्यांत बदलताना नफा होतो, असे पेरिप्लसच सांगतो. तांब्या-कांस्याच्या नाण्याचे मोल मात्र धातूपेक्षा राजाज्ञेत अधिक. समुद्र ओलांडला की ती आज्ञा संपे.

गंमत अशी, की रोमची खरी चित्रकथा याच हलक्या नाण्यांवर आहे. नीरोच्या सेस्टर्शियसवर (हे नाणे काटेकोरपणे पाहता पितळेचे) ऑस्टियाचे अख्खे बंदर गलबतांसह कोरले आहे. इ. स. ७१ च्या सुमारास व्हेस्पासियनने ज्यूडियाच्या विजयाची नाणी पाडली: खजुराचे झाड, त्याखाली शोकमग्न बसलेली स्त्री. एका प्रांताचा पराभव बाजारात हातोहात फिरत राहिला.

आता सोळाशे वर्षे पुढे. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला आणि सोन्याचा होन व तांब्याची शिवराई चलनात आली. शिवराईवर मुखवटा नाही, देवता नाही, युद्धप्रसंगही नाही. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसरीस ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांचे वर्तुळ. शेजारच्या मुघल व आदिलशाही नाण्यांवरही चित्राऐवजी अक्षरेच असत, पण ती फारसी. शिवराईवरची अक्षरे नागरी आहेत. रोमने जे चेहऱ्याने सांगितले, ते येथे लिपीने सांगितले. शिवराईला ‘साधे नाणे’ म्हणणाऱ्यांच्या नजरेतून नेमके हेच निसटते.

राज्याभिषेकाला आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन याने कंपनीची नाणी स्वराज्यात चालावीत, अशी मागणी केली होती. नाणे कसाला व वजनाला खरे असेल तर ते आपोआप चालेल, सक्तीची गरज नाही, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले.

शिवराई पुढे पेशवाईतही पडत राहिली आणि इंग्रजी अमलातही लोकांच्या हाती खेळली. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे कित्येक नाण्यांवर अक्षरे काठाशी तुटलेली दिसतात. ‘छत्रपति’ पूर्ण उमटलेली शिवराई हाती लागली, तर संग्राहक ती सहसा विकत नाही.