कॅपो, काळी चार आणि हलता षड्ज

बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या गावी भजन उभे राहिले, की पेटीवाल्याचा पहिला प्रश्न असतो : ‘बुवा, सूर कोणता?’ उत्तर येते, ‘काळी एक’ किंवा ‘पांढरी चार’. गळा बदलला की षड्ज बदलतो. गिटारवाल्याने याच प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणजे कॅपो.

‘कापोतास्तो’ हा मूळ इटालियन शब्द. जोव्हान्नी बात्तिस्ता दोनी याच्या १६४० च्या लेखनात तो आढळतो. पुढे १८५० मध्ये अमेरिकेतील गिटारकार जेम्स अ‍ॅशबॉर्न याने अशा चापाचे पेटंट घेतले. स्पेनमधील फ्लामेंको वादकांचा ‘सेहिल्या’ याहून साधा : लाकडी पट्टी, तिला तार किंवा दोरी आणि ती आवळणारी खुंटी.

सर्व गिटारींना एकच कॅपो चालत नाही, आणि त्याचे कारण वाद्याच्या घडणीत आहे. नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारची पट्टी सपाट असून वरच्या टोकाशी सुमारे ५२ मिलिमीटर रुंद असते. तिला सरळ, रुंद कॅपो लागतो. पोलादी तारांच्या अकूस्टिक गिटारची पट्टी साधारण ४३ मिलिमीटर आणि किंचित बाकदार. तिथे सरळ कॅपो लावल्यास काही तारा नीट दाबल्या जात नाहीत आणि खरखरतात. बारा तारांच्या गिटारीत जाड-बारीक तारांच्या जोड्या शेजारी शेजारी असल्याने दाब अधिक हवा. मात्र दाब गरजेपेक्षा वाढला की तार ताणली जाते आणि सूर चढतो. म्हणून दाब कमीजास्त करता येणारा, स्क्रूचा कॅपो बहुधा स्प्रिंगच्या चिमट्यापेक्षा उजवा ठरतो.

काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेसाठी ‘जी’च्या बोटांवर पहिल्या पडद्याशी कॅपो लावला की काम होते. सर्व स्वर सारखेच वर सरकतात, कारण गिटारच्या पडद्यांतील प्रत्येक पायरी समान गुणोत्तराची, सुमारे सहा टक्क्यांची असते. या सोयीची किंमतही आहे. षड्ज २४० धरला तर शुद्ध गांधार ३०० वर हवा. गिटारवर (आणि बाजारच्या पेटीवरही) तो सुमारे ३०२.४ वर पडतो. तंबोऱ्यासोबत गाणाऱ्या कानाला हा फरक जाणवतो.

महाराष्ट्रात या फरकाची गंभीर दखल घेतली ती निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी. १९१० मध्ये त्यांनी बावीस श्रुतींवर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. स्वरमापनात त्यांना अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचे साहाय्य झाले, आणि ई. क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर श्रुतिपेटी तयार झाली. १९१६ च्या बडोद्यातील संगीत परिषदेत ती मांडली गेली, पण सर्वांना पटली नाही. वादाचे मुद्दे निराळे होते. तरी अशा पेटीची एक अडचण गणितातच आहे. एका षड्जासाठी अचूक मिळवलेले स्वर दुसऱ्या पट्टीला षड्ज मानताच चुकू लागतात. म्हणजे काळी एकची श्रुतिपेटी काळी चारच्या गायिकेच्या कामाची नाही.

अब्दुल करीम खाँ ज्या मिरजेत राहिले, तिथल्या कारागिरांनी हा पेच निराळ्या रीतीने हाताळला होता. फरीदसाहेबांपासून एकोणिसाव्या शतकात सुरू झालेल्या त्या परंपरेत पुरुषांच्या खालच्या सुराला मोठ्या भोपळ्याचा, लांब तारांचा तंबोरा, तर स्त्रियांच्या वरच्या सुराला लहान तंबोरा असतो. तंबोऱ्याला पडदेच नाहीत, त्यामुळे सुराशी तडजोड करावी लागत नाही. खर्च मात्र दोन वाद्यांचा.

भजनी मंडळांना तो परवडणारा नव्हता. त्यांच्या कामाला आली ती स्केलचेंजर पेटी : पट्ट्यांची चौकट बाजूला सरकवली की तीच बोटे, तीच पट्टी, पण निराळा सूर. गांधार तिच्यातही ३०२.४ वरच राहतो. पेटीवाला बोट चटकन उचलतो आणि बुवा आपल्या गळ्याने तो खाली घेतात.