डोंगरावरची ट्राम आणि जालना–खामगाव

मंडळी, जालन्यात माथेरानची गोष्ट कशाला? तर बघा. नेरळ–माथेरान गाडी 1907 मध्ये सुरू झाली. आदमजी पीरभॉय कुटुंबानं ती बांधली. दोन रुळांत अंतर फक्त 2 फूट, म्हणून अगदी आखूड वळणं घेत ती 21 किलोमीटरांत सुमारे 800 मीटर उंचीवर पोहोचते.

आपल्याकडे निजामाच्या काळात, 1900 च्या सुमारास, हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे सपाटीनं आली. पण उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर, पलीकडे कापसाची पेठ खामगाव. त्या रुळांची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. मुंबईकरांच्या थंड हवेसाठी डोंगर चढता आला, मग कापसासाठी का नाही? गरज कुणाची मोजली जाते, हा प्रश्न आपण विचारत राहिला पाहिजे.