एकदशांशाच्या बाहेरचा विरोधी नेता

महाराष्ट्र विधानसभेच्या 2024 च्या निवडणुकीत एकाही विरोधी पक्षाला 288 पैकी एकदशांश जागा मिळाल्या नाहीत. तेव्हापासून आमच्या अभ्यासवर्गातली मुले विचारतात, ‘सर, विरोधी पक्षनेताच नसेल तर विरोध करायचा कोणी?’ याचे उत्तर मी 1937 च्या मुंबई विधानसभेत शोधतो.

त्या सभागृहात 175 सभासद होते. बाबासाहेबांनी 1936 साली स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाचे त्यांत जेमतेम 14-15. आजचा एकदशांशाचा दंडक लावला असता तर त्यांनाही हे पद मागता आले नसते. ते त्यांच्याकडे नव्हतेच; विरोधी पक्षनेते होते मुस्लिम लीगचे अली महंमद खान देहलवी. तरीही खेर मंत्रिमंडळासमोर त्या काळात कोण उभे होते म्हणून विचारले, तर देहलवींचे नाव किती जणांना आठवते?

17 सप्टेंबर 1937 रोजी बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. ही नुसती टीका नव्हती, कलमे लिहून तयार केलेला कायदा होता. खोत सरकारसाठी सारा गोळा करी, पण कुळांकडून साऱ्याहून कितीतरी जास्त उकळी, वर वेठीला राबवून घेई. शेतकऱ्यांच्या नावाने मते मागून आलेल्या काँग्रेसची खरी परीक्षा येथे होती. विधेयक पुढे सरकले नाही. तेव्हा जानेवारी 1938 मध्ये हजारो शेतकरी मोर्चाने मुंबईच्या कौन्सिल हॉलवर आले. त्यांत महार होते तसेच कुणबीही होते. बाबासाहेबांना केवळ एका जातीचे पुढारी ठरवणाऱ्या पंडितांना हा मोर्चा नेहमीच अडचणीचा वाटत आला आहे, आणि खरे सांगायचे तर आपल्यापैकीही काहींना तो सोयीचा वाटत नाही!

त्याच वर्षी सरकारने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. समेटाची बोलणी चालू असताना संप केला तर तो गुन्हा. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे, असे बाबासाहेबांनी सभागृहात ठणकावून सांगितले. बहुमताने विधेयक मंजूर झालेच. पण 7 नोव्हेंबर 1938 च्या एक दिवसाच्या संपात बाबासाहेब कम्युनिस्टांच्या बरोबरीने उतरले. 1929 च्या गिरणी संपाला त्यांनी विरोध केला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या पावलाचे मोल कळते.

पदाची त्यांना किंमत नव्हती असे मात्र कोणी समजू नये. 22 डिसेंबर 1952 रोजी पुण्यात वकिलांपुढे बोलताना त्यांनी इंग्लंड-कॅनडाचा दाखला दिला. तेथे विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून वेतन मिळते, कारण सत्तेला जाब विचारणे हे त्या देशांनी सार्वजनिक काम मानले आहे. आपल्या संसदेने तसा कायदा 1977 मध्ये केला. मला त्या पदाची जरुरी मान्य आहे. पण पद रिकामे आहे म्हणून हातावर हात धरून बसलेल्या 20 आमदारांची कीव करायला मी तयार नाही.

खोती रद्द करणारा कायदा अखेर 1949 मध्ये झाला. तो करणाऱ्या मुंबई सरकारचे प्रमुखही बाळासाहेब खेरच होते.