लाठी, जांबिया, कुस्ती : अमरावतीच्या आखाड्यातील संमिश्र आत्मसंरक्षण

१/ १८९९ च्या सुमारास लंडनमध्ये एडवर्ड बार्टन-राईट याने जपानी जुजुत्सू, मुष्टियुद्ध, फ्रेंच सावात आणि काठी यांचा मेळ घालून ‘बार्टित्सू’ ही आत्मसंरक्षणाची पद्धत उभी केली. वऱ्हाडातही असाच एक मेळ घडला. त्याचे केंद्र होते अमरावती.

२/ १८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर सामान्य माणसाला परवान्याविना तलवार बाळगणे कठीण झाले. हाती उरली ती काठी. १९१४ मध्ये अंबादासपंत व अनंत वैद्य या बंधूंनी अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले. जुन्या आखाड्यांतील विद्या तेथे एका छताखाली शिकवल्या जाऊ लागल्या.

३/ या विद्यांचा परस्परसंबंध अंतराच्या हिशेबाने उलगडतो. लाठी लांबच्या अंतराची. ती सतत फिरती ठेवली, की एकाच वेळी अनेकांना दूर ठेवता येते.

४/ शत्रू जवळ आला की फरी-गदगा. चामड्याने मढवलेली काठी हे तलवारीचे प्रतिरूप आणि फरी ही छोटी ढाल. एका हाताने वार झेलायचा, दुसऱ्याने परतवायचा.

५/ आणखी जवळ आल्यास जांबिया. तेथे बाजूला सरणे आणि सशस्त्र मनगट ताब्यात घेणे निर्णायक ठरते. अंगाला अंग भिडले की कुस्तीचे डाव. या साऱ्यांसाठी लागणारी पकड आणि लवचीकता मल्लखांब देतो.

६/ हुतात्मा शिवराम राजगुरू यांनी काही काळ याच मंडळात शिक्षण घेतले. १९३६ मध्ये मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली.

७/ या प्रसाराला एक किंमतही होती. शेकडो विद्यार्थ्यांना एकदम शिकवायचे तर हात आकड्यांवर बांधावे लागतात. रांगेतल्या कवायतीत डौल येतो, शिस्त येते. पण समोरचा प्रतिस्पर्धी नाहीसा होतो. त्याचे अनपेक्षित पाऊल हाच तर आत्मसंरक्षणाचा खरा धडा.

८/ म्हणून गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत लाठी फिरताना दिसली, तर तिच्या वेगासोबत अंतरही पाहावे. फिरवणाऱ्यासमोर एक हल्लेखोर कल्पावा. मग प्रत्येक वळणामागचा हेतू दिसू लागतो आणि प्रदर्शनातून पुन्हा विद्या प्रकट होते.