भारोत्तोलन, अपंगांचे
बाकावर उताणे पडून छाती व हातांच्या बळाने वजन पेलण्याचा क्रीडाप्रकार. दांडा छातीपर्यंत उतरवून, क्षणभर स्थिर ठेवून, हात पूर्ण ताठ होईपर्यंत वर रेटावा लागतो. टोकिओच्या १९६४ च्या परालिंपिक सामन्यांत तो पाठीच्या कण्याला इजा झालेल्या पुरुषांपुरता मर्यादित होता. स्त्रियांना त्यात प्रवेश छत्तीस वर्षांनी, २००० मध्ये सिडनीत मिळाला. स्पर्धेचे गट अपंगत्वावरून नव्हे, तर शरीराच्या वजनावरून पडतात. अथेन्स येथे २००४ मध्ये भारताच्या राजिंदरसिंग रहेलू यांनी ५६ किग्रॅ. गटात कांस्यपदक मिळविले. मराठवाड्याचे नाव मात्र बाहुबळाच्याच दुसऱ्या खेळाने, बसून करावयाच्या गोळाफेकीने, पुढे आले. नांदेड जिल्ह्यातील भाग्यश्री जाधव यांनी हांगजो येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई पॅरा क्रीडास्पर्धांत रौप्यपदक मिळविले. २०२४ च्या पॅरिस परालिंपिकच्या उद्‌घाटनप्रसंगी त्या भारताच्या दोन ध्वजधारकांपैकी एक होत्या.